वारीला कॅमेरा नेताय? आधी चार्जिंगचं बघा

आळंदीहून पंढरपूरपर्यंत पालखीबरोबर चालायचं ठरलं की कोणती लेन्स न्यायची यावर महिनाभर खल होतो, आणि बॅटऱ्या आठवतात निघायच्या आदल्या रात्री. बॅटऱ्यांचं आधी ठरवा. लेन्स एक असली तरी भागतं.

दिंडीच्या राहुटीत प्लग मिळेलच असं नाही. मिळालाच तर त्या एकुलत्या बोर्डाभोवती सगळ्या दिंडीचे मोबाइल आधीच लटकलेले असतात. त्यामुळे किती फोटो काढणार हे मोजत बसू नका. खात्रीचा एक प्लग आणि त्याच्या पुढचा, यांत किती दिवस जातात ते मोजा. पुणे आणि सासवड इथे पालखी दोन-दोन रात्री असते, तिथे सगळ्या बॅटऱ्या भरून घ्या. पुढे दिवसाला दोन धरा आणि वर एक राखीव.

माहितीपत्रकातला ‘एका चार्जमध्ये इतके फोटो’ हा आकडा बहुधा सीपा या जपानी संघटनेच्या ठरावीक चाचणीचा असतो. सोनी ए7 III या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याला व्ह्यूफाइंडरवर, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून बघत, 610, तर जुन्या निकॉन डी750 या डीएसएलआरला (आरशाच्या कॅमेऱ्याला) 1,230. दिवे घाटात धडाधड फोटो काढले तर यापेक्षा बरेच जास्त निघतात. पण चांदोबाच्या लिंबाला उभ्या रिंगणाची वाट बघत कॅमेरा चालू ठेवून उभे राहिलात, तर मिररलेसची बॅटरी एकही फोटो न काढता उतरत जाते, कारण सेन्सर आणि स्क्रीन सतत जागे असतात. तेव्हा वायफाय, ब्लूटूथ बंद, फोटो काढल्यावर आपोआप दिसणारा प्रिव्ह्यू बंद, आणि मिनिटभरात कॅमेरा झोपेल असं सेटिंग घरीच करून ठेवा. डीएसएलआरवाल्यांना इथे खुशाल हसू द्या, त्यांच्या आरशाच्या व्ह्यूफाइंडरला वीज जवळजवळ लागतच नाही.

20,000 एमएएचची पॉवर बँक म्हणजे साधारण 74 वॉट-अवर (साठवलेल्या विजेचं माप). वरच्या सोनीची बॅटरी 16.4 वॉट-अवरची, म्हणजे वाया जाणारं धरूनही तीनदा तरी भरावी. मात्र आपला कॅमेरा यूएसबीवरून चार्जिंग घेतो का आणि कोणत्या केबलने, हे निघण्याआधी करून बघा. सुट्या बॅटऱ्यांना टोपी लावा. खिशात नाण्यांशी टेकल्या तर शॉर्ट होतात.

कार्डाची चिंता त्या मानाने कमी. 24 मेगापिक्सेलची कॉम्प्रेस्ड रॉ (सेन्सरवरून आलेली, प्रक्रिया न केलेली) फाइल साधारण 24 एमबीची, म्हणजे 64 जीबीत अडीच हजारांच्या आसपास फोटो. नुसते जेपेग (कॅमेऱ्यानेच तयार केलेली लहान फाइल) काढणाऱ्याला तर एकच कार्ड बरेच दिवस जाईल. खरा खादाड व्हिडिओ: 100 एमबीपीएसचा (सेकंदाला 100 मेगाबिट) फोरके घेतला तर तेच कार्ड जेमतेम 85 मिनिटांत भरतं. अभंग चालू झाला की थांबवावंसं वाटत नाही, म्हणून व्हिडिओचं कार्ड वेगळंच ठेवा, त्यावर व्ही30 (सेकंदाला किमान 30 एमबी सलग लिहिण्याची खूण) लिहिलेलं बघून घ्या. 256 चं एक घेण्यापेक्षा 64 ची चार मला बरी वाटतात, एक बिघडलं तरी बाकीची वारी हाती राहते. कॅमेऱ्याला कार्डाचे दोन स्लॉट असतील तर दोन्हीकडे एकदम साठवा. जुने फोटो घरी उतरवून झाले की कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, आणि वाटेत नकोसे फोटो पुसत बसू नका; त्यात स्क्रीन चालू राहून बॅटरी जाते आणि चुकून चांगलाही जातो.

राहिला पाऊस. भरलेली कार्डं झिपच्या पिशवीत, रिकामी दुसऱ्या खिशात. कार्ड बदलताना कुणाला तरी छत्री धरायला सांगा. ‘माउली, जरा धरता का?’ म्हटलं की कुणी ना कुणी धरतंच.