बाळाच्या हातात खेळणं देण्याआधी

डोंबिवलीत माझं पाळणाघर आहे, २२ वर्षं झाली. सहा महिन्यांपासूनची बाळं येतात. दोन पावसाळ्यांमागे एका दुपारी दहा महिन्यांची एक चिमुरडी कोपऱ्यात अगदी गप्प बसलेली दिसली. एरवी तिचा आवाज जिन्यापर्यंत जातो. जवळ जाऊन पाहिलं तर एक गाल फुगलेला. हनुवटी धरून तोंड उघडलं आणि जिभेच्या कडेला लाळेत भिजलेली पांढरी प्लास्टिकची चकती दिसली. रबरी बदक दाबलं की चूं वाजतं ना, त्याच्या पोटाखालची ती शिट्टी. समोर दिसत होती म्हणून दोन बोटांनी काढता आली. बदक आठवड्यापूर्वीच आणलेलं होतं, आणि त्याच्या पाकिटावर हसरं बाळ छापलेलं होतं.

तेव्हापासून माझ्याकडे येणारं प्रत्येक खेळणं आधी माझ्या हाताखालून जातं. पाकिटावर काय छापलंय ते मी नंतर बघते. तुम्हीही घरी हे करू शकता, दहा मिनिटांचं काम आहे.

आधी एक नळी बनवा. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या. ११ सेंटीमीटर लांब आणि पावणेसहा सेंटीमीटर रुंद पट्टी कापा. लांबीची दोन टोकं एकमेकांवर १ सेंटीमीटर चढवून चिकटवा. नळीचं तोंड साधारण ३२ मिलिमीटरचं होतं. खेळण्यांच्या प्रयोगशाळेत लहान भाग तपासायला जे नळकांडं वापरतात त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. त्याचा तळ तिरका असतो, एका बाजूला २५.४ तर दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर खोल. तिरकं कापायच्या भानगडीत मी पडत नाही. सरळ नळीने चाचणी जरा जास्त कडक होते, होऊ दे. जी वस्तू न दाबता या नळीत पूर्ण मावते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायची नाही. खेळण्यातून सुटून येणाऱ्या तुकड्यालाही हाच नियम.

गोल वस्तूंसाठी दुसरी, मोठी नळी लागते. गोळी किंवा चेंडू घशात असा चपखल बसतो की हवा जायला फटच उरत नाही. म्हणून चेंडूसाठी माप ४४.५ मिलिमीटर धरतात. १५ सेंटीमीटरची पट्टी घेऊन तसंच १ सेंटीमीटर चढवून चिकटवा. त्यातून आरपार जाणारा चेंडू वरच्या फळीवर ठेवा.

आता खेळणं हातात घ्या. डोळे, नाक, चाकं, बटणं, शेपटी, जे जे चिकटवलेलं किंवा शिवलेलं आहे ते चिमटीत धरून ओढा, पिळा. लाजू नका, बाळ याहून जास्त ओढतं आणि वर दातांनी चावतं. फरशीवर पाच-सहा वेळा पाडा. खुळखुळा कानाशी हलवा. आतले दाणे वाजतात तिथला सांधा नखाने चाचपा. नख आत शिरत असेल तर तो उद्या उघडणार. कापडी बाहुलीची शिवण ताणून बघा, आतला कापूस किंवा थर्माकोलचे दाणे बाहेर डोकावतात का ते. आणि दर महिन्याला हे पुन्हा करा. माझ्याकडच्या त्या बदकाची शिट्टी पहिल्या दिवशी घट्टच असणार, आठवडाभर चावून सैल झाली.

संगीत वाजणाऱ्या खेळण्यांचं मला सगळ्यात जास्त भय वाटतं. त्यात बटन सेल असतो. सेलचं झाकण स्क्रूनेच बंद होणारं हवं, नखाने उघडणारं झाकण असेल तर ते खेळणं घरात नको. हा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवायची नाही, थेट मोठ्या रुग्णालयात जायचं. लोहचुंबकाचं तसंच. दोन गिळले गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात.

पाकिटावर एका गोलात ०-३ लिहून त्यावर लाल रेघ मारलेली असते, म्हणजे तीन वर्षांखालच्या मुलाला हे नको, ती बघा. ‘आमचं पोर हुशार आहे, चालतं त्याला,’ असं आईबाबा म्हणतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. त्या रेघेचा हुशारीशी काहीही संबंध नाही, तो घशाच्या मापाचा हिशेब आहे.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. साध्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३ आणि विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्यांसाठी आयएस १५६४४. मार्काखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो मोबाइलवरच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाका. कंपनीचं नाव जुळलं नाही तर खेळणं परत करा. नोंदणी झालेल्या हस्तकलाकारांना या नियमातून सूट आहे, त्यामुळे सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यावर मार्क दिसला नाही म्हणून ते लगेच बनावट ठरवू नका. तिथे आपली नळी आणि आपला हात.

परत मागवलेली खेळणी, म्हणजे रिकॉल, हा विषय आपल्या घरांत येतच नाही. पण येतात ती खेळणी. मावशी अमेरिकेहून बॅग भरून आणते, चुलतभावाचं धाकट्याला मिळतं. वस्तू हातोहात पुढे जाते आणि तिचा इशारा मागेच राहतो. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत पाण्यात फुगणाऱ्या मण्यांचे सुमारे ५२,००० संच परत मागवले गेले. ते मणी गिळून दहा महिन्यांचं एक बाळ दगावलं होतं. कोरडा मणी साबुदाण्यासारखा दिसतो, पोटात पाणी शोषून फुगतो आणि आतडं अडवतो. तसेच मणी आपल्याकडे फुलदाणीत घालायला सर्रास मिळतात.

म्हणून वापरलेलं किंवा परदेशातून आलेलं खेळणं मिळालं की ते उलटं करा. तळाला किंवा शिवलेल्या पट्टीवर कंपनी, मॉडेल क्रमांक आणि बॅच किंवा महिना असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या आणि युरोपच्या ‘सेफ्टी गेट’ या संकेतस्थळांवर ही माहिती फोटोसकट कुणालाही बघता येते. मॉडेल जुळलं तर खेळणं त्याच क्षणी बाजूला करा. नोटिशीत पैसे परत, बदली की दुरुस्ती ते लिहिलेलं असतं. इथे घेतलेल्या खेळण्याची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक माल परत मागवायचा अधिकार दिलेला आहे.

आणि ते खेळणं कामाला येणाऱ्या ताईंच्या बाळाला देऊ नका. हे मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून हात जोडून सांगते. आपल्या बाळाला जे धोक्याचं, ते त्यांच्याही बाळाला धोक्याचंच. मोडा, मगच कचऱ्यात टाका.

आपल्या घरचे काही लाडही त्या नळीतून घालून बघा. काळ्या मण्यांची मनगटी बारशाला घाला, फोटो काढा आणि बाळ झोपायच्या आधी उतरवा. दोरा तुटला की मणी थेट तोंडात. पैंजणाचं घुंगरूही तसंच, त्यापेक्षा साधे वाळे बरे. पाळण्यावरचं चिमणाळं बाळ हातांवर उठायला लागलं की काढून टाका. बोरन्हाणाला बोरं, उसाचे करवे, हलवा, गोळ्या, शेंगा डोक्यावरून ओततात. यातलं बोर माझ्या नळीत टपकन जातं. मी गेली काही वर्षं बाळांवर फुलांच्या पाकळ्या ओतते, खाऊ मोठ्या मुलांच्या हातात देते. बाळाला खाली सोडायच्या आधी सतरंजी झटकून घ्या.

एवढं करूनही घशात काही अडकलंच तर? बाळ जोरात खोकत किंवा रडत असेल तर हवा जातेय, त्याला खोकू द्या, जवळच थांबा. आवाज बंद झाला, ओठ निळसर पडू लागले तर एकाला १०८ लावायला सांगा. वर्षाखालच्या बाळाला आपल्या हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा बोटांनी धरलेला. दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने ५ थापा मारा. मग उताणं करून छातीच्या मधोमध, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, ५ वेळा दाबा. वस्तू निघेपर्यंत हेच आलटून पालटून. बाळ निपचित झालं तर सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं, सुरू करा. पाय धरून उलटं लटकवू नका, आणि वस्तू दिसत नसेल तर घशात बोट घालू नका, ती आणखी आत जाते. वस्तू निघाली आणि बाळ हसायला लागलं, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.