जुन्या हॅसलब्लाडवर डिजिटल बॅक लावली, आता फोटो खरंच शार्प कसे आणायचे

मीडियम फॉरमॅट बॅक, म्हणजे फिल्मच्या डब्याऐवजी कॅमेऱ्याच्या मागे बसणारा मोठा डिजिटल सेन्सर, घेतल्यावर सुरुवातीला बऱ्याच जणांची तक्रार एकच असते, एवढे पैसे घातले आणि फाइल शंभर टक्क्यावर उघडली की साध्या फुल फ्रेम कॅमेऱ्यापेक्षा मऊ दिसते. मग लगेच लेन्सवर संशय जातो, जुनी लेन्स विका नवीन घ्या असं सुरू होतं. माझं स्पष्ट मत आहे की दहातल्या नऊ वेळा लेन्सचा काहीही दोष नसतो. शार्पनेस जातो तो दोन ठिकाणी, एक म्हणजे फोकस जिथे दिसतो तिथे तो सेन्सरवर पडत नाही आणि दुसरं म्हणजे कॅमेरा हलतो. आधी हे दोन नीट करा, लेन्सचं नंतर बघू.

मी इथे ५०० सी/एम बॉडी आणि सीएफव्ही २ ५०सी बॅक ही जोडी धरून लिहितोय कारण आपल्याकडे जुन्या हॅसलब्लाड बॉड्या बऱ्याच जणांकडे पडून आहेत, पण फेज वन किंवा लीफची बॅक असली तरी जवळपास सगळं तसंच लागू होतं. या बॅकचा सेन्सर ४३.८ बाय ३२.९ मिलिमीटरचा, ८२७२ बाय ६२०० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल साधारण ५.३ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आणि ५०० सी/एम आली १९७० साली, फिल्मसाठी. १२० ची फिल्म कधीच पूर्ण सपाट बसत नाही, थोडी फुगते, थोडी वळते, त्यामुळे बॉडीत बारीकसा फरक असला तरी फिल्मवर तो कळायचा नाही. सेन्सर मात्र एकदम सपाट आणि कडक, तो काहीच लपवत नाही.

आकडे बघा म्हणजे कळेल. एका पिक्सेलएवढाच ब्लर चालेल असं कडक धरलं तर एफ ४ ला फोकसमध्ये पुढेमागे फक्त २१ मायक्रॉनची सूट मिळते, एफ ८ ला ४२ ची. आणि झेरॉक्सचा साधा ए-४ कागद साधारण १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे तुमची फोकसिंग स्क्रीन एका कागदाएवढी जरी वरखाली असली तरी एफ ८ लासुद्धा ते झाकलं जात नाही, एफ ११ ला सूट मिळते ५८ ची, तिथेही नाही. त्यामुळे अपर्चर बंद केलं की सगळं शार्प होईल ही सवय इथे चालत नाही.

तर पहिलं काम, बॉडी तपासायची. लागतं काय, एक भक्कम ट्रायपॉड, एक स्टीलची पट्टी आणि शांतपणे एक तास. पट्टी टेबलावर ४५ अंशात तिरकी टेकवा, कॅमेरा दीडेक मीटरवर, ८० मिलिमीटरची प्लॅनार लेन्स असेल तर अपर्चर पूर्ण उघडं म्हणजे एफ २.८. व्ह्यूफाइंडरमधलं भिंग वर काढून पट्टीवरच्या एका ठरावीक सेंटिमीटरच्या रेघेवर फोकस करा आणि मिरर वर करून फोटो घ्या. मग फोकस पूर्ण बिघडवा, परत त्याच रेघेवर आणा, परत घ्या. असे चारपाच तरी घ्या कारण एका फोटोवरून काही ठरत नाही, हाताची चूक आणि बॉडीची चूक वेगळी काढायची असते. फाइल शंभर टक्क्यावर उघडून सगळ्यात कडक रेघ कोणती ते बघा. दरवेळी वेगळीकडे पडत असेल तर तुमच्या फोकस करण्यात फरक पडतोय, दरवेळी एकाच बाजूला पडत असेल, म्हणजे कायम पुढे किंवा कायम मागे, तर बॉडीत गडबड आहे.

मग तोच फोटो लाइव्ह व्ह्यूवर फोकस करून घ्या. लेन्सचं शटर बी वर, केबल रिलीज दाबून लॉक करायची म्हणजे शटर उघडं राहतं, बॅकच्या स्क्रीनवर पूर्ण झूम करून फोकस लावायचा. यावेळीही अपर्चर उघडंच ठेवा, कारण या बॉडीत रिलीज दाबलं की लेन्स तुम्ही लावलेल्या अपर्चरवर बंद होते आणि एफ ११ ला फोकस लावायला गेलात तर कुठे पडला ते कळतच नाही. फोकस लागला की केबल सोडा, क्रँक (बाजूचा चावी द्यायचा दांडा) फिरवा, मग अपर्चर हवं तिथे न्या. अपर्चरची रिंग फिरवताना फोकसची रिंग चुकून सरकते, आणि सरकलेली कळत पण नाही, म्हणून फोकसच्या रिंगवर आधी चिकटपट्टीचा एक तुकडा लावून टाका. लाइव्ह व्ह्यूवाला फोटो कडक आणि स्क्रीनवरून घेतलेला मऊ, असं निघालं तर बॅक ठीक, लेन्स ठीक, घोळ मिरर किंवा स्क्रीनचा.

यातलं जास्त करून निघणारं कारण म्हणजे मिररच्या मागचा फोम. इतक्या वर्षांत तो कुजून चिकट होतो नाहीतर भुगा होऊन पडतो, मिरर आपल्या जागी बसत नाही आणि मग स्क्रीनवर दिसणारा फोकस खोटा. दुसरं कारण, आधीच्या मालकाने स्क्रीन बदलली आणि उलटी किंवा नीट न टेकवता बसवली. स्क्रीन काढून परत नीट बसवणं तुम्ही घरी करू शकता, पण फोम बदलणं आणि स्क्रीनचे आधार वरखाली करणं हे काम हॅसलब्लाड उघडून बघितलेल्या माणसाकडेच द्या आणि देताना पट्टीचे फोटो बरोबर द्या, नुसतं फोकस चुकतोय म्हणून सांगू नका. काम होईपर्यंत ट्रायपॉडवर सगळं लाइव्ह व्ह्यूने करायचं, त्यात कमीपणा काही नाही.

चष्मेवाल्यांनी एक गोष्ट नक्की बघा, व्ह्यूफाइंडरमधलं भिंग तुमच्या नंबराचं आहे का. स्क्रीनवरचे दाणे किंवा कडेच्या रेघा आधी टोकदार दिसल्या पाहिजेत, त्या दिसत नसतील तर समोरचा फोकस तुम्ही अंदाजानेच लावताय.

आता हलण्याचं. ५०० च्या बॉडीचा मिरर मोठा, तो वर जाताना जो धप्पकन आवाज येतो तो ऐकूनच कळतं की आत काय चाललंय. याचा सगळ्यात जास्त त्रास होतो साधारण १/४ ते १/३० सेकंदाच्या मध्ये. एक-दोन सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये कंप थांबल्यावरचा वेळ भरपूर असतो म्हणून कमी जाणवतो, १/२५० ला कंपाला वेळच मिळत नाही. यावर उपाय बॉडीतच दिलाय, उजव्या बाजूला क्रँकच्या खाली मिरर आधीच वर करायचा खटका आहे. तो दाबला की मिरर वर, मागचे पडदे उघडे, लेन्स बंद अपर्चरवर, सगळी धडपड तेव्हाच होऊन जाते. मग तीनचार सेकंद थांबा, हात लांब, केबलने क्लिक. आता हलतं ते फक्त लेन्समधलं लीफ शटर आणि त्याचा धक्का अगदी नगण्य. ट्रायपॉडवर असताना मी हा खटका न दाबता फोटो घेतच नाही आणि तुम्हीही घेऊ नका, ही फुकटची गोष्ट आहे आणि फरक डोळ्याला दिसतो.

ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका. गळ्यातला पट्टा काढून ठेवा नाहीतर वाऱ्याने फडफडतो. आणि जमीन बघा, मुंबईत वरच्या मजल्यावरच्या जागेत खालून ट्रक गेला की फरशीतून कंप येतो, लाकडी माळा असेल तर मागून चालणाऱ्या असिस्टंटचं प्रत्येक पाऊल फाइलमध्ये उतरतं. सगळ्यांनी उभं राहायचं तिथेच उभं राहायचं. पंखा बंद. यावरून माझी भांडणं होतात पण पंखा बंदच, कारण कपड्याचं काम असेल तर पदर इतका हळू हलतो की नुसत्या डोळ्याला दिसत नाही आणि १/४ सेकंदात बरोबर दिसतो.

हातात धरून काढायचा असेल तर ८० ला १/८० पुरतं हा फिल्मच्या जमान्यातला हिशोब सोडा. १/२५० पासून सुरुवात करा, जमलं तर १/५००, आणि त्यासाठी आयएसओ ८०० ला न्यावा लागला तर बिनधास्त न्या, या सीमॉस सेन्सरला ते झेपतं. थोडी नॉइज प्रिंटमध्ये कोणाला दिसत नाही, हललेला फोटो सगळ्यांना दिसतो. जुन्या सीसीडी बॅकचं गणित मात्र वेगळं, फेज वन पी४५ प्लस सारखी बॅक असेल तर तिला खालच्या आयएसओवर, ट्रायपॉडवर किंवा फ्लॅशवरच ठेवा, तिथे तिचा रंग आणि डिटेल अजूनही सुंदर येतं.

अपर्चर किती? प्रकाशाचा ठिपका कितीही चांगल्या लेन्समधून एका ठरावीक आकारापेक्षा लहान होत नाही. हिरव्या प्रकाशाला तो एफ ८ ला साधारण १०.७ मायक्रॉन, एफ ११ ला १४.८, एफ १६ ला २१.५, एफ २२ ला २९.५. आपला पिक्सेल ५.३ चा. म्हणजे एफ ८ ला ठिपका दोन पिक्सेलएवढा, एफ १६ ला चार, एफ २२ ला साडेपाच. फिल्मवर एफ २२ सर्रास वापरायचो, इथे एफ ५.६ ते एफ ११ मध्येच राहा, सीएफव्ही १००सी सारख्या ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलला तर एफ ८ च्या आसपासच. डेप्थ कमी पडली, दागिन्याच्या कामात पडतेच, तर फोकस थोडा थोडा सरकवत बरेच फोटो घेऊन नंतर जोडा. एफ ३२ ला घेतलेला एक फोटो त्याच्या जवळपास पण येत नाही.

यात एक अपवाद आहे आणि तो कापडाच्या कामात लागतो. या बॅकांमध्ये सेन्सरपुढे ब्लर करणारा अँटी-अलायझिंग फिल्टर नसतो, म्हणून डिटेल जास्त येतं आणि म्हणूनच पैठणीसारख्या बारीक विणीवर मोआरे येतं, काठाच्या जरीवर हिरव्या-गुलाबी लाटा. खरं सांगायचं तर मोआरे दिसलं की फोकस अचूक बसलाय याची ती पावती आहे, फोकस चुकला तर ते येतच नाही. घालवायचं तर कॅमेरा थोडा पुढेमागे करा, कापडाचा कोन किंचित बदला, बऱ्याचदा तेवढ्यानेच जातं. नाहीच गेलं तर तेवढ्या फ्रेमसाठी एफ १६ ला जा, तिथे तो मोठा ठिपकाच फिल्टरचं काम करतो. सॉफ्टवेअरमधलं मोआरेचं ब्रश सगळ्यात शेवटी, कारण ते लाटांबरोबर जरीचा खरा रंगही खाऊन टाकतं.

स्टुडिओ फ्लॅशवाल्यांसाठी एवढंच, फ्लॅश म्हणजे आपोआप फ्रीझ असं नाही. माहितीपत्रकात टी ०.५ चा, म्हणजे उजेड कमाल पातळीच्या निम्म्याच्या वर असतो तेवढ्या वेळाचा आकडा मोठ्या अक्षरात देतात, प्रत्यक्ष हालचाल थांबवायला टी ०.१, म्हणजे दहा टक्क्यांच्या वर असतो तो वेळ बघायचा आणि साध्या फ्लॅशमध्ये तो साधारण तिप्पट लांब असतो. मॉडेलिंग लाइट आणि खिडकीचा उजेड मिसळून दुहेरी कड येतेय का तेही बघा, एक फोटो फ्लॅश बंद ठेवून त्याच सेटिंगला घ्या, तो काळाकुट्ट यायला हवा.

चित्रं, पोथ्या, नकाशे असलं सपाट काम करत असाल तर कोपरे मऊ येण्याचं कारण बहुतेक वेळा कॅमेरा समांतर नसणं हे असतं. लेव्हलवर विसंबू नका, भिंतच सरळ नसते. चित्राच्या जागी एक छोटा सपाट आरसा धरा आणि कॅमेऱ्यातून बघा, तुमच्याच लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मधोमध दिसलं पाहिजे, नसेल तर ट्रायपॉडचं डोकं हलवून तिथे आणा. एवढं करून पण एकच बाजू मऊ येत असेल तर लेन्स बदलून बघा. मऊपणा तिथेच राहिला तर बॉडी किंवा बॅकचं बसणं बघा, गेला तर ती लेन्स दुरुस्तीला.

लेन्सबद्दल आता थोडं. ५० ची डिस्टॅगन एफएलई (आतली काही भिंगं वेगळी सरकणारी) असेल तर तिला पुढे एक वेगळी रिंग आहे, ती अंतराप्रमाणे हाताने लावावी लागते, अनेकांना माहीतच नसते आणि मग कोपरे खराब म्हणून लेन्सला नावं ठेवली जातात. आपल्या किनारपट्टीवर मोठा शत्रू म्हणजे बुरशी आणि आतला धूसर थर. अंधारात मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून तिरका मारा, जाळी किंवा दूध पसरल्यासारखं दिसलं तर आधी ती साफ करून घ्या, अशा लेन्समध्ये रेघ असते पण कॉन्ट्रास्ट जातो आणि फोटो मऊच वाटतो. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेल. हूड कायम लावा. स्वस्त फिल्टर काढून टाका.

लांबचं लँडस्केप असेल तर हवा बघा. एप्रिलच्या दुपारी सह्याद्रीच्या कातळावरून दरीपलीकडचा सुळका कोणत्याही लेन्सने कडक येत नाही, तापलेली हवा थरथरत असते. पाऊस ओसरल्यावर, पहाटे, तेव्हाच जा.

शेवटी कॉम्प्युटर. हॅसलब्लाडच्या फाइल फोकस (Phocus) नावाच्या त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि फेज वनच्या फाइल कॅप्चर वनमध्ये. शार्पनिंग करताना रेडियस लहान ठेवा, ०.७ ते ०.९ च्या आसपास, अमाउंट वाढवला तरी चालेल पण रेडियस एकच्या वर गेला की या फाइलचं बारीक पोत जाड दिसायला लागतं. लाइटरूम वापरत असाल तर डिटेलचा स्लायडर वर न्या, तो वर गेला की नुसती कड गडद करण्यापेक्षा ब्लर उलटवण्याच्या बाजूला काम करतो, याचा या फाइलला चांगला फायदा होतो. तपासणी शंभर टक्क्यावरच, दोनशेवर जाऊन स्वतःला त्रास करून घेऊ नका. ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ही फाइल साधारण २७.५ बाय २०.६ इंचाची प्रिंट देते, तेव्हा अख्खी मोठी प्रिंट काढायच्या आधी त्यातला महत्त्वाचा भाग, चेहऱ्याचे डोळे किंवा काठाची वीण, पूर्ण मापाला कापून ए-४ वर काढा, ज्या कागदावर शेवटची प्रिंट येणार त्याच कागदावर, आणि प्रिंटचं शार्पनिंग त्या तुकड्याकडे बघून ठरवा, कारण मॅट कागदाला स्क्रीनवर जरा जास्तच वाटेल इतकं लागतं आणि ग्लॉसीला तेवढं लागत नाही.