क्लबवरची निष्ठा आणि घरातला शनिवार

फुटबॉल क्लबच्या चाहत्याला निष्ठा कमी करायला सांगणे व्यर्थ असते, आणि माझ्या मते ते योग्यही नाही. लहानपणी वडिलांच्या किंवा मोठ्या भावाच्या मागोमाग ज्याने एक क्लब आपला मानला, तो पुढे नोकरी बदलतो, शहर बदलतो, मतेही बदलतो. क्लब मात्र बदलत नाही. त्यामुळे प्रश्न उरतो तो एवढाच, की या निष्ठेचा हिशेब आपण घरच्यांपुढे आधीच मांडायचा, की त्यांनी तो दर शनिवारी नव्याने शोधून काढायचा.

सुरुवात वेळेपासून करावी. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये प्रत्येक क्लब हंगामात ३८ सामने खेळतो. मध्यंतर आणि भरपाईची वेळ धरली, तर एका सामन्याला जवळपास दोन तास लागतात, म्हणजे नुसत्या लीगचेच पाऊणशे तास झाले. क्लब चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेत, असेल तर २०२४-२५ पासूनच्या रचनेत पहिल्या टप्प्यातच आणखी आठ सामने येतात, शिवाय देशांतर्गत चषक वेगळेच. वर्षाच्या मानाने हे तास फार नाहीत. भांडण होते ते आपण "नव्वदच मिनिटे" असे सांगून संघ जाहीर झाल्यापासून शेवटच्या मुलाखतीपर्यंत पडद्यासमोरून हलत नाही म्हणून. तेव्हा खरा आकडा सांगावा. हंगामाचे वेळापत्रक हाती आले की ते घरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने उतरवावे, कारण प्रक्षेपणाच्या सोयीसाठी तारखा आणि वेळा पुढे हमखास हलतात, आणि त्यातले सहा-सात सामने, उदाहरणार्थ शेजारच्या प्रतिस्पर्ध्याशी होणाऱ्या दोन लढती, आपल्यासाठी राखून ठेवावेत. उरलेल्यांपैकी कोणताही सामना घरच्या कामासाठी सोडायची तयारी ठेवावी, आणि सोडला तर कुरकुर न करता सोडावा.

वेळेपेक्षा अवघड असतो तो पराभवानंतरचा अर्धा तास. एकदा माझ्या संघाने भरपाईच्या वेळेत कॉर्नरवरून गोल खाल्ला आणि त्याच क्षणी पत्नीने विचारले, "उद्या आईला तपासणीला किती वाजता न्यायचं?" मी म्हणालो, "काय फरक पडतो?" मी सामन्याविषयी बोलत होतो, तिने ते आपल्या आईविषयी ऐकले, आणि तिचे काहीही चुकले नव्हते. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: शेवटची शिट्टी वाजली की "हरलो, अर्ध्या तासात येतो" एवढे सांगून फोन घरीच ठेवायचा आणि पायी एक फेरी मारून यायचे. (एक पाऊलही न धावलेला माणूस "हरलो" असे प्रथमपुरुषी बोलतो याचे घरच्यांना हसू येते, येऊ द्यावे.) परतल्यावर मात्र सामन्याचा विषय आपण काढायचा नाही, कोणी काढला तरच बोलायचे.

घरच्यांनीही एक पथ्य पाळावे: "खेळच तर आहे" हे वाक्य त्या रात्री उच्चारू नये. १९९९ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा बायर्न म्युनिक नव्वद मिनिटांपर्यंत १-० ने पुढे होता आणि भरपाईच्या वेळेत मँचेस्टर युनायटेडचे दोन गोल खाऊन हरला. त्या रात्री बायर्नच्या चाहत्याला या वाक्याने काय दिलासा मिळाला असता? त्यापेक्षा "गोल कुणी केला?" एवढेच विचारावे आणि उत्तर ऐकून घ्यावे. खोटी आस्था मात्र दाखवू नये, ती चटकन उघडी पडते.

जोडीदार प्रतिस्पर्धी क्लबचा असेल तर चिडवणे दुसऱ्या दिवसावर ढकलावे. मुलाला जर्सी जरूर घालावी, पण त्याने पुढे दुसराच क्लब निवडला तर ती मुकाट्याने कपाटात ठेवावी. दरवर्षी निघणाऱ्या नव्या जर्सींसाठी वर्षाची एक रक्कम ठरवून घ्यावी. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

ही निष्ठा नाती तोडते तशी जोडतेही, म्हणून सामना शक्यतो इतरांसोबत पाहावा. २००८ मध्ये युनियन बर्लिन या जर्मन क्लबचे मैदान मोडकळीला आले होते, तेव्हा दोन हजारांहून अधिक चाहत्यांनी स्वतः काम करून ते नव्याने उभारले. २००२ मध्ये लंडनच्या विम्बल्डन फुटबॉल क्लबला दुसऱ्या शहरात हलवण्याची परवानगी मिळाली, तेव्हा मागे राहिलेल्या चाहत्यांनी नवा क्लब काढून बऱ्याच खालच्या पातळीपासून सुरुवात केली. अशा माणसांची ओळख खांद्याला खांदा लावून होते, तर रात्री एकट्याने फोनवर अनोळखी लोकांशी वाद घालणारा चाहता सकाळी फक्त चिडचिड घेऊन उठतो.

राहिला प्रश्न लग्नकार्य आणि सामना एकाच दिवशी येण्याचा. कार्याला जावे, आणि फोन एखाद्या विश्वासू माणसाकडे सोपवून, विचारल्याशिवाय निकाल सांगू नकोस, असे त्याला बजावावे. खिशातला फोन थरथरला की आपला चेहरा बदलतो आणि तो नेमका वधूवरांच्या फोटोत कायमचा राहतो. माझा तसा एक चेहरा मेहुणीच्या अल्बमच्या दुसऱ्या पानावर आहे.