खो-खोतला सूर नेमका टिपायचा असेल, तर आधी खांबावर फोकस लावा

शाळांच्या खो-खो सामन्यांत पळणाऱ्याच्या मागे कॅमेरा फिरवला, की फोकस मध्ये बसलेल्या मुलांच्या पाठींवर जाऊन बसतो आणि सूर मारणारा, म्हणजे खांबाशी झेप घेणारा गडी पुसट येतो. पण पाठलाग करणाऱ्याला खांबापर्यंत मागे वळता येत नाही, म्हणजे तो येणार तिथेच!

१. खांबामागे, मैदानाच्या हद्दीबाहेर थोडं तिरकं बसा. गुडघ्यावरच बसा, उभ्याने काढलेल्या फोटोत नुसती डोकी आणि माती दिसते.

२. खांबावर फोकस घ्या आणि लेन्स मॅन्युअलवर टाका. मोबाइलवर खांबाला बोट दाबून धरा, फोकस लॉक होतो.

३. शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवा. नाशिकला डिसेंबरात सकाळी आठच्या सामन्याला ऊन कोवळं असतं. तेव्हा आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ८०० पर्यंत चढवा, पण शटर १/५०० च्या खाली नको. हात आधी फराटतात.

४. गडी शेवटच्या चौकोनाशी आला की बर्स्ट (सलग भराभर फोटो) सुरू करा. खांब हाताला लागल्यावर दाबलंत तर उशीर झाला.

फ्लॅश मात्र बंदच. सूर मारणाऱ्याच्या थेट डोळ्यांवर येतो, आणि पंचही हटकतात.