नवी वायए कादंबरी: वाचायची कशी, मत लिहायचं कसं

वायए म्हणजे ‘यंग अ‍ॅडल्ट’, कुमारवयीन वाचकांसाठीची कादंबरी. असं पुस्तक हातात आलं की मलपृष्ठावरचा मजकूर वाचायच्या आधी नामपृष्ठाच्या मागचं पान उघडा. ‘नवं’ म्हणून ज्यावर लिहायला बसलोय ते खरंच नवं आहे का, हे तिथे कळतं. मराठी पुस्तकात ‘पहिली आवृत्ती’ आणि त्याखाली महिना-साल असतं. तिथे ‘पुनर्मुद्रण’ असेल तर मजकूर जुनाच आहे, फक्त पुन्हा छापलाय. मुखपृष्ठ बदलून आलेल्या जुन्या मालिका दिवाळीच्या सुमारास ‘नवीन प्रकाशनां’च्या टेबलावर बिनदिक्कत बसतात. इंग्रजी पुस्तकात त्या पानावर तळाशी आकड्यांची एक ओळ असते, १० पासून १ पर्यंत उतरत आलेली किंवा १ ३ ५ ७ ९ १० ८ ६ ४ २ अशी. ओळीत उरलेला सगळ्यात लहान आकडा म्हणजे ते कितवं मुद्रण आहे. १ असेल तर पहिलं.

तारखांचाही एक घोळ असतो. अमेरिकेत पुस्तकं बहुतेक मंगळवारी बाहेर पडतात, ब्रिटनमध्ये गुरुवारी. एकाच कादंबरीच्या दोन देशांतल्या तारखा वेगळ्या, मुखपृष्ठं वेगळी, कधीकधी नावही वेगळं. शिवाय आधी पुठ्ठा बांधणी येते, आणि साधारण वर्षभराने पेपरबॅक आली की तेच पुस्तक नव्या यादीत दुसऱ्यांदा झळकतं. आयएसबीएनवरून, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकावरून, ताडू नका, कारण पुठ्ठा बांधणी, पेपरबॅक आणि ई-बुक या तिन्हींचे तेरा आकडी क्रमांक वेगवेगळे असतात. आपल्याकडच्या दुकानांत बहुधा ब्रिटिश आवृत्ती मिळते. म्हणून मत लिहिताना पान क्रमांकाऐवजी प्रकरण क्रमांक द्यावा. ‘पान २१२ वर’ म्हटलं की निम्म्या वाचकांना ते सापडत नाही.

वायए म्हणजे नेमकं काय धरायचं

यंग अ‍ॅडल्ट म्हणजे १२ ते १८ वयाच्या वाचकांसाठीचं लेखन. त्याच्या खाली ८ ते १२ साठीचा ‘मिडल ग्रेड’ हा वेगळा गट आहे. फरक भाषेच्या अवघडपणात नसतो. मिडल ग्रेडमधलं मूल घरात, मित्रांत, शाळेत आपली जागा शोधत असतं. वायएमधली मुलगी किंवा मुलगा त्या घरापासून वेगळं होऊ बघत असतो. नायकाचं वय साधारण १५ ते १८, निवेदन बरेचदा प्रथमपुरुषी आणि वर्तमानकाळात, लांबी वास्तववादी कादंबरीत ५० ते ८० हजार शब्द, अद्भुतरम्य असेल तर लाखापर्यंत किंवा त्याच्याही पुढे. ७५ हजार शब्द मिनिटाला अडीचशेच्या वेगाने वाचले तर पाच तास लागतात. नोंदी करत वाचायचं तर सात-आठ तास धरा.

आपल्या दुकानांत ‘कुमार’ आणि ‘किशोर’ या पाट्या बालसाहित्याच्याच कपाटाला लावलेल्या असतात, त्यामुळे मराठी कुमार कादंबरी पुष्कळदा दहा वर्षांच्या मुलापर्यंत खाली उतरते. वायएचं माप तिला जसंच्या तसं लावलं तर ती उगीचच बाळबोध ठरते. उलट बाजूचा धोका जास्त मोठा आहे. प्रौढांसाठीच्या प्रेमकथांना हल्ली सपाट रंगांची चित्रं असलेली गोड मुखपृष्ठं येतात आणि पालक ती तेरा वर्षांच्या मुलीला वाढदिवसाला देतात. मुखपृष्ठावरून गट ठरवू नका. प्रकाशकाच्या संकेतस्थळावर वयोगट दिलेला असतो, तोच मतामध्ये लिहा. तो पटला नाही तर का नाही, हेही लिहा.

नवं काही शोधायला ऑनलाइन याद्यांपेक्षा दोन पुरस्कारांच्या याद्या बऱ्या. अमेरिकन ग्रंथपालांचा मायकल प्रिंट्झ पुरस्कार २००० पासून फक्त वायएला दिला जातो आणि जानेवारीत जाहीर होतो. २००९ पासूनचा विल्यम मॉरिस पुरस्कार पहिल्याच पुस्तकासाठी आहे, त्यामुळे अजून गाजावाजा न झालेली नावं तिथे सापडतात. आपल्याकडे साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून आहे, पण एका भाषेला एकच, त्यात कुमारवयासाठी निराळं खातं नाही. मराठीसाठी मग दिवाळीनंतर प्रकाशकांच्या सूची मागवणं आणि डिसेंबरात पुण्याच्या पुस्तक महोत्सवात स्वतः पानं चाळणं हाच मार्ग उरतो.

वाचताना

पुस्तकात एक कोरा कागद ठेवा आणि तीन ठिकाणी थांबा. पहिला थांबा तिसाव्या पानाच्या आसपास. तिथे एवढंच लिहा: मुख्य पात्राला काय हवंय आणि आत्ता, याच आठवड्यात, ते का मिळत नाहीये. दोन ओळींत लिहिता आलं नाही तर कादंबरी अजून सुरूच झालेली नाही. दुसरा थांबा मध्यावर: पहिल्या नोंदीतली इच्छा बदलली का? बदलली असेल तर कुठल्या प्रकरणात, तो क्रमांक टिपा. तिसरा थांबा तीन चतुर्थांशावर, आणि तिथे शेवटाचा अंदाज लिहून ठेवायचा. पुस्तक संपल्यावर तो अंदाज खरा ठरला म्हणून पुस्तक वाईट ठरत नाही. या वयाच्या वाचकाला शेवट ओळखता येणं आवडतंही. पण अंदाज चुकला, तर मागे जाऊन लेखकाने आधी काही खुणा ठेवल्या होत्या का ते पाहता येतं. खुणा नसतील तर तो धक्का फुकटचा आहे, आणि हे नोंदीशिवाय सिद्ध करता येत नाही. ‘शेवट घाईत गुंडाळलाय’ हे वाक्य निम्म्या परीक्षणांत असतं. ‘चाळीसपैकी ३६ प्रकरणं संपेपर्यंत खलनायक एकदाही समोर येत नाही’ असं लिहिलं तर वाचकाला काहीतरी कळतं.

मालिकेतला दुसरा-तिसरा भाग असेल तर आधीचा भाग वाचलेला नसताना मत देऊ नका. देणारच असाल तर पहिल्याच ओळीत तसं सांगा. मुक्तछंदातली कादंबरी असेल तर मात्र हे थांबे विसरा, ती एका बैठकीत वाचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा.

संवादाची चाचणी

सगळ्यात जास्त पुस्तकं इथे फसतात, म्हणून इथे वेळ द्यावा. कुठलंही भांडणाचं पान घ्या आणि मोठ्याने वाचा. समजा नववीतली मुलगी आईला म्हणते, “आई, माझ्या भावना समजून घेण्याचा तू कधी प्रयत्नच केला नाहीस.” वाचताना जीभ अडत नाही, पण कान अडतो. ही मुलगी नाही, समुपदेशक बोलतोय. त्या वयाची मुलगी म्हणेल, “जाऊ दे. तुला नाही कळणार.” आणि दार लावून घेईल. पहिल्या वाक्यात ती स्वतःचं मन उलगडून दाखवते, दुसऱ्यात झाकते. पंधराव्या वर्षी माणूस झाकतो. उलगडून सांगण्याची घाई वयाने मोठ्या लेखकाला असते, कारण आपला मुद्दा वाचकाच्या हातून निसटेल अशी त्याला भीती वाटते. पेन्सिल घेऊन, जिथे जिथे मूल पूर्ण वाक्यांत स्वतःच्या मनाचं निदान करतं तिथे फुली मारा. अख्ख्या कादंबरीत एक-दोन फुल्या, त्याही कळसाच्या प्रसंगात, चालतील. प्रत्येक प्रकरणात एक असेल तर लेखक पात्रांना बोलू देत नाहीये.

मराठी कादंबरीत दुसरी परीक्षा चॅटची. मुलं मोबाइलवर मराठी लिहितात ती बहुतेक रोमन अक्षरांत, अर्धे शब्द गाळून. पुस्तकात ते देवनागरीत आणावं लागतं यात चूक नाही. पण ‘काय करत आहेस? मी अभ्यास करत आहे.’ असं शुद्ध करून छापलं की ती पत्रं होतात. ‘कय करतेयस’, ‘कै नै’ एवढं पुरतं. आणि शिव्या. त्या नसल्या तरी हरकत नाही, मात्र जिथे हमखास यायच्या तिथे ‘मूर्खा!’ आलं की वाचणारा पोरगा पुस्तक मिटतो.

अनुवादित वायएला हीच चाचणी जास्त कडक लावा. ‘तिने डोळे फिरवले’ हे वाक्य दिसलं की अनुवादक हावभाव उचलून आणतोय, अर्थ नाही, असं समजा. मराठीत डोळे फिरतात ते चक्कर येऊन, नाहीतर शेवटच्या घटकेला. इथे ‘झालं सुरू!’ असा चेहरा करणारी मुलगी हवी होती. मग तू आणि तुम्ही. इंग्रजीत हा प्रश्नच नाही, म्हणून प्रत्येक नात्यासाठी अनुवादकाला निर्णय घ्यावा लागतो. मित्राची आई ‘काकू, तुम्ही’ की ‘काकू, तू’, मोठ्या भावाला अरे-तुरे की दादा? एका प्रकरणात तू आणि पुढच्यात तुम्ही झालं तर ते मतामध्ये नोंदवण्याजोगं आहे.

शाळेच्या इयत्ता तर हमखास चुकतात. अमेरिकन हायस्कूल नववी ते बारावी असतं आणि ‘ज्युनिअर’ म्हणजे तिथला अकरावीचा विद्यार्थी. ‘ती ज्युनिअर होती’ असं छापलं तर मराठी वाचक तिला वयाने लहान समजतो. ब्रिटनमधलं ‘इयर इलेव्हन’ वयाने आपल्या दहावीच्या जवळ येतं, मुलं १५-१६ वर्षांची असतात आणि त्याच वर्षी त्यांची मोठी परीक्षा असते. तिथे ‘अकरावी’ लिहिलं की त्या परीक्षेचं सगळं दडपण वाया जातं. अनुवादाबद्दल लिहिताना अनुवादकाचं नाव पहिल्या परिच्छेदात द्यायलाच हवं. चुका दाखवायच्या असतील तर दोन-तीन वाक्यं उतरवून दाखवा. ‘अनुवाद कृत्रिम वाटतो’ एवढ्यावर थांबू नका.

लिहिताना

साडेतीनशे ते साडेचारशे शब्द पुरे. ओघवती भाषा, खिळवून ठेवणारी, संग्रही असावी अशी, प्रत्येकाने वाचावी अशी: हे शब्द कुठल्याही पुस्तकाला लागतात, म्हणून कशालाच लागत नाहीत. त्यांच्या जागी पुराव्याचं एक वाक्य ठेवा. कथानक पहिल्या चतुर्थांशाच्या पलीकडे सांगू नका. ‘शेवटी जबरदस्त ट्विस्ट आहे’ हेही गुपित फोडणंच आहे, कारण मग वाचक दर पानावर तोच शोधत बसतो.

‘यातून मुलांना काय शिकायला मिळतं?’ हा प्रश्न मराठी परीक्षणात जवळजवळ प्रतिक्षिप्तपणे येतो. तो गाळा. कादंबरी म्हणजे मूल्यशिक्षणाचा तास नव्हे. नायिका खोटं बोलते, घरातून पैसे उचलते, म्हणून पुस्तक तसं करायला सांगतंय असं होत नाही. विचारायचंच तर हे विचारा: त्या खोट्याची तिला काही किंमत मोजावी लागते का, की लेखक सोयीस्करपणे विसरतो?

आशयाचा इशारा मात्र द्या आणि नेमका द्या. ‘संवेदनशील विषय आहेत’ याने कोणालाच मदत होत नाही. ‘मित्राच्या आत्महत्येनंतरची गोष्ट आहे, प्रसंग प्रत्यक्ष दाखवलेला नाही, प्रकरण ९ मध्ये चिठ्ठी आहे’ असं लिहिलं की पालकाला आणि मुलाला दोघांनाही ठरवता येतं. इशारा मजकुराच्या शेवटी, वेगळ्या परिच्छेदात ठेवा, म्हणजे ज्याला नको तो टाळू शकेल.

तारे देताना त्या जागेची व्याख्या पाहा. गुडरीड्स या वाचकांच्या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर दोन तारे म्हणजे ‘ठीक’ आणि तीन म्हणजे ‘आवडलं’. चार ‘खूप आवडलं’. आपल्याकडे तीन म्हणजे जेमतेम पास असं धरून लोक सरसकट पाच वाटतात, मग खरोखर पाचचं पुस्तक आलं की हातात काही उरत नाही. ‘हे माझ्यासाठी नव्हतं’ आणि ‘हे फसलंय’ यांतला फरकही शब्दांतच सांगावा लागतो, ताऱ्यांत तो मावत नाही. चाळिशीच्या वाचकाला पंधरा वर्षांच्या मुलाची तगमग लांबलेली वाटली, हा पुस्तकाचा दोष असेलच असं नाही.

पुस्तक फुकट मिळालं असेल तर पहिल्या दोन ओळींत सांगा. ऑनलाइन ग्राहक-अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलंय, आणि समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांना मिळालेला लाभ उघड करण्याच्या सूचना ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये दिल्या. नियम बाजूला ठेवले तरी मराठी पुस्तकविश्व एवढंसं आहे की लेखिका तुमच्या मावशीची शेजारीण निघण्याची शक्यता बरीच असते. तेही सांगून टाकलेलं बरं. अभिप्रायासाठीची प्रकाशनपूर्व प्रत नेटगॅलीसारख्या संकेतस्थळावरून घेत असाल तर झेपतील तेवढीच मागा: मंजूर झालेल्या पुस्तकांपैकी ८० टक्क्यांवर तरी अभिप्राय द्यावा अशी तिथली अपेक्षा असते आणि पुढच्या मंजुऱ्या त्यावर ठरतात. अशा प्रतीतला मजकूर अंतिम नसतो. त्यातून उतारा घ्यायचा तर छापील पुस्तकाशी ताडूनच, आणि मुद्रणदोषांची यादी तर मुळीच द्यायची नाही. ते दोष बहुधा तोवर सुधारलेले असतात.

मत प्रतिकूल असेल तर ते लिहा, पण लेखकाला टॅग करू नका. अभिप्राय वाचकासाठी असतो. लेखकाला वाचायचा असेल तर तो शोधून वाचेल. खाली एखाद्या चौदा वर्षांच्या मुलाने ‘मला तर आवडलं’ असं लिहिलं, तर वाद न घालता कुठलं प्रकरण आवडलं ते विचारा, आणि उत्तर आलं तर त्याची परवानगी घेऊन, नाव न देता, ते मूळ मजकुराखाली जोडा.