धूर नसलेली चूल बसवताय? आधी घरातली भांडी मोजा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला नाहीतर तिकडं हल्याळकडं एखाद्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकेतल्या लोकांचा समाज) वस्तीवर, धनगरवाड्यावर पावसाळ्यात सकाळी सातला गेलाय काय कधी? लांबनं बघितलं तर घर पेटलंय असंच वाटतंय, कौलातनं सगळीकडनं धूर. आत बाई ओलं जळण फुंकणीनं फुंकत बसलेली, डोळे लाल, आणि पोरगं तिथंच मांडीवर. लहान पोरांचा न्यूमोनिया, म्हाताऱ्यांचा दमा-खोकला, बायकांना लवकर येणारा मोतीबिंदू, ह्या सगळ्यात चुलीच्या धुराचा हात असतोय हे डॉक्टर लोक कधीपासनं सांगत आलेत. गॅस आहे की म्हणाल. 2016 पासनं उज्ज्वलाचं सिलिंडर बऱ्याच घरात आलंय, पण ते परत भरायचे पैसे आणि वाड्यापर्यंत आणायची गाडी ह्याचं काय? सिलिंडर कोपऱ्यात, वर फडकं घातलेलं. चहापुरता गॅस वापरा, तो चुलीपेक्षा कधीपण बराच, पण भात, आंघोळीचं पाणी, गुरांचं आंबोण चुलीवरच शिजणार, म्हणून ती चूल नीट करूया.

हे काय नवीन शोध नाहीय. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1974 ला अस्त्र नावाचं खेड्यांसाठीचं केंद्र निघालं, त्यांची 'अस्त्र ओले' म्हणजे जाळीची आणि धुराड्याची चूल कर्नाटकात खूप ठिकाणी बसवली गेली. सरकारचापण सुधारित चुलीचा मोठा कार्यक्रम होता. तरी गावोगावी त्या चुली मोडून पडल्या, आणि का ते मला एका सिद्दी आज्जीनं दोन मिनिटात सांगितलं. तिच्याकडं कुणीतरी वाटलेली तयार चूल होती, त्यात कोंबडी अंडी घालत होती. म्हटलं, "आज्जी, ही का वापरत नाही?" तर म्हणाली, "बाळा, हितं माझं भाताचं भगुणं बसतंय काय बघ आधी. आणि भाकरी शेकायला आर कुठाय?" खरंच, भोक सात इंचाचं आणि भगुणं अकरा इंचाचं. आर म्हणजे निखारे, तो सगळा जाळीतनं खाली पडून राखेत जातोय, तो बाहेर ओढायला हातभर जागापण नाही, मग नाचणीची भाकरी फुगणार कशी?

म्हणून पहिलं काम म्हणजे सुतळी घेऊन घरात जायचं आणि रोजचं भगुणं, तवा, पाण्याचा हंडा, तिन्हीचा घेर मोजायचा. चुलीसमोर घरची बाई पाटावर बसते की खाली, डाव्या हातानं जळण सारते की उजव्या, हेपण बघा, आणि चूल कुठं पाहिजे ते तिलाच विचारा, नवऱ्याला नको.

माती वारुळाची चांगली. दोन घमेली माती, एक घमेलं भाताचं तूस, अर्धं घमेलं शेण, पेंढा बारीक चिरून मूठ-दोन मूठ, आणि पाणी घालून पायानं तुडवून रात्रभर भिजत ठेवायचं. सकाळी परत तुडवायचं, हाताला चिकटली नाही की झाली म्हणायची.

चूल दोन भोकांची, पुढं मोठं आणि मागं वैल, म्हणजे पुढच्याच जाळावर तापणारं दुसरं भोक. पुढच्या भोकाच्या खाली लोखंडी जाळी, लोहाराकडनं सळीची करून घेतली तरी चालती. जाळी जमिनीपासनं दोनेक इंच वर पाहिजे, खालनं वारा आत जायला. भांड्याचा बूड आणि जाळी ह्यात पाच-सहा इंच अंतर ठेवा, जास्त ठेवलं तर जाळ भांड्याला लागत नाही, कमी ठेवलं तर लाकूड अर्धवट जळून धूर करतंय. जाळीखालचं तोंड मात्र आज्जीच्या हिशोबानं रुंद ठेवा, उलथनं घालून आर पुढं ओढता आला पाहिजे. पुढच्या भोकातनं वैलाकडं जाणारी वाट तीन इंचाची आणि थोडी वर चढती, आणि वैलाच्या खाली मातीचा उंचवटा करायचा, भांडं आणि उंचवटा ह्यात इंचभरच फट, म्हणजे जाळ सरळ धुराड्यात पळून न जाता भांड्याला घासून जातोय.

आता खरी मेख. आपल्या जुन्या चुलीला वर तीन उंचवटे असतात, त्यावर भांडं टेकतंय आणि फटीतनं धूर बाहेर येतोय. ह्या चुलीला ते अजिबात करायचे नाहीत. माती ओली असतानाच तिचं भगुणं बुडाला ओली राख फासून भोकात दाबायचं आणि गोल फिरवायचं, म्हणजे त्याच भांड्याचं माप तिथं उमटतंय आणि फट राहत नाही. वैलावर भांडं नसेल तेव्हा झाकायला मातीचं नाहीतर लोखंडी झाकण पाहिजेच, नाहीतर सगळा धूर तिथनं वर.

धुराड्याला चार इंची पाईप. सिमेंटच्या पत्र्याच्या जातीचा पाईप स्वस्त मिळतोय पण त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतंय, कापताना त्याची धूळ छातीत गेली तर एक धूर घालवून दुसरं दुखणं आणल्यासारखं. खानापूर म्हणजे कुंभारकामाचं गाव, खादी ग्रामोद्योगाची ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्थापण तिथंच आहे, तिथल्या कुंभाराला भाजलेल्या मातीचे नळ करायला सांगा, एकात एक बसणारे. पाईप कौलाच्या वर दोन-तीन फूट गेला पाहिजे. मी पहिल्यांदा बसवला तो पाखाच्या खालीच संपवला होता, कौल फोडायचा कंटाळा केला म्हणून, आणि पश्चिमेचा वारा सुटल्यावर सगळा धूर उलटा घरात, घरची माणसं अंगणात बसून माझ्या नावानं काय काय बोलली ते सांगत नाही. गवताचं छप्पर असेल तर पाईप छपरातनं नकोच, भिंतीतनं बाहेर काढा आणि गवतापासनं लांब ठेवा. वर पावसाची टोपी. खाली बुडाशी एक भोक ठेवून मातीनं लिंपून ठेवा, महिन्यातनं एकदा ते उघडून काजळी काढायची, न्हाईतर चार महिन्यात पाईप तुंबून परत तेच.

दहा-बारा दिवस सावलीत वाळू द्या. चिरा पडणारच, शेण-मातीनं लिंपत राहायचं. मग पहिले दोन दिवस नुसता बारका जाळ. तपासायचं सोपं आहे, चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरा, धूर आत ओढला गेला तर जमलं.

जळण मात्र वाळलेलंच, मनगटापेक्षा जाड असेल तर फोडून. काजूची टरफलं घालू नका, त्यातलं तेल जळलं की तो धूर डोळ्या-घशाला झोंबतोय, साध्या धुरापेक्षा वाईट. काजू फोडायच्या कामावर जाणाऱ्या बायकांनी हाताला राख आणि खोबरेल लावावं, मिळाले तर रबरी हातमोजे, तेच तेल कातडं सोलतंय.

जळण कमी लागलं की जंगलातल्या फेऱ्या कमी. भीमगड अभयारण्याच्या काठावरच्या बायकांना हे सांगावं लागत नाही, मोळी बांधताना अस्वल समोर आलेलं काहींनी बघितलंय. वाचलेल्या वेळात मजुरीला जाता येतं, आणि कापणीला साध्या विळ्याऐवजी दातेरी विळा दिला तर मनगट कमी दुखतंय, सारखी धारपण लावावी लागत नाही. पण तोपण आधी एकच आणा आणि तिच्या हातात देऊन बघा, मूठ जाड वाटली तर सुताराकडनं तासून घ्या.

सरकारी मदत मागायची असेल तर एक लक्षात ठेवा, सिद्दी समाज आधी फक्त उत्तर कन्नड जिल्ह्यात अनुसूचित जमातीत होता, 2020 मध्ये बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यातले सिद्दीपण त्यात आले. दाखला नसेल तर आधी तो काढा. अर्ज कन्नडमध्ये असतोय, सही करण्याआधी कुणाकडनं तरी नीट वाचून घ्या.

आणि हे सगळं मार्च-एप्रिलमध्ये करायचं, मिरगाच्या आधी चूल पक्की वाळली पाहिजे. तूस मात्र सुगी झाली की लगेच गिरणीतनं दोन पोती आणून ठेवा, मार्चपर्यंत थांबलात तर ते वीटभट्टीवाले घेऊन गेलेले असतात.