गणपतीचा माल तिथी बघून भरा

मोदकाची पिठी किती मागवायची हे ठरवताना गेल्या वर्षीची तारीख धरू नका, तिथी धरा. गणेश चतुर्थी २०२४ साली ७ सप्टेंबरला होती, २०२५ साली २७ ऑगस्टला. तारखेवर विसंबलात तर माल ११ दिवस उशिरा येणार, आणि विसर्जनानंतर पिठी कोण नेतंय?

एरवी साधा गुणाकार. रोजचा खप ६ किलो, मार्केट यार्डातून माल यायला ३ दिवस, झाले १८. वर एका दिवसाचे ६ हाताशी. शिल्लक २४ वर आली की फोन लावायचा.

‘संपलंय’ म्हणून परत गेलेलं गिऱ्हाईकही वहीत लिहा, नाहीतर पुढचा अंदाज कमीच निघतो. आमच्या सदाशिव पेठेतल्या दुकानात ही वही गल्ल्याशेजारीच असते, पेन सुतळीने बांधलेलं.